नाशिकला गेलेले कांदे

देवळा,
१४ जुलै २०२४

चि. मेहविश,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं "हो बाई, हो बाई" करतेस आणि मागून कुणीतरी तुला मीटिंगला हाका मारत असतं. शाळेत होतीस तेव्हाही तशीच होतीस. तोंडाने हो, आणि बाकाखाली हात वायरी सोलतायत. म्हणून पत्रच लिहायला घेतलंय, आणि उत्तरही मला पत्रानेच हवंय.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होते. आवाज चढवून वर्ग गप्प करायची सवय अंगात मुरलीय, घरी कुणावर चढवणार देव जाणे. पण त्याआधी एक शेवटचा संघ तयार केलाय. तीच जिल्हा बालअभियंता स्पर्धा, जिथे सोळा वर्षांपूर्वी मी तुला आणि यशोधनला घेऊन गेले होते. आता तिथे लॅपटॉप आणि चालते-फिरते रोबो येतात. पहिले तीन संघ राज्य फेरीला पुण्याला जातात. इतक्या वर्षांत आपण पहिल्या तिनात कधीच आलो नाही, हे तुला सांगायला नको.

या वेळी मात्र यावंच लागेल, मेहविश. सायकल स्टँडमागची आपली कार्यशाळा आठवते ना? हेडसरांनी स्वच्छ सांगितलंय, तुमच्यानंतर ती खोली बघणार कोण? संघ पुण्याला गेला तर संस्थेकडून नव्या शिक्षकाला तिचा चार्ज मिळवून देतो. नाहीतर दिवाळीनंतर मोडकी बाकं तिथे भरायची. मी म्हटलं, बाकं तुमच्या ऑफिसात भरा. ते हसले, पण करतील बोललेलं.

पोरं तीन आहेत, तिघंही नववीतली. पूजा, रिदा आणि संघर्ष. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा आतल्या आत सडायला लागतो, आणि बाहेर वास येईपर्यंत निम्मी रास हातची गेलेली असते. ही पोरं राशीत भोकं पाडलेला पाइप खुपसतात, छोटा पंखा आतली हवा ओढतो, आणि सेन्सरला सडका वास लागला की घंटा वाजते. सगळं त्यांनी केलंय. मी फक्त ओरडते.

स्पर्धा २१ सप्टेंबरला, शनिवारी, नाशिकला. तू ये आणि माझ्याशेजारी बस. एकटीने बघवत नाही आता.

तुझी,
लतिकाबाई


नाशिक,
२८ जुलै २०२४

ती. लतिकाबाई,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा माझ्या नवऱ्याला, हुजैफाला, वाटलं कोर्टाची नोटीस आली. त्याला म्हटलं, त्याहून मोठं आहे, बाईंचं पत्र आहे.

वाचताना मला भावडबारीच्या घाटातली ती एसटी आठवली. आमच्या पाण्याच्या टाकीचं मॉडेल तुम्ही मांडीवर धरलं होतं आणि प्रत्येक वळणाला तुमच्या साडीवर पाणी सांडत होतं. मी म्हटलं, बाई, पाणी ओतून देऊ का, तिथे परत भरता येईल. तर तुम्ही म्हणालात, आता सांगतेस? एकलहऱ्याला तुमच्या बहिणीच्या क्वार्टरमध्ये आपण उतरलो होतो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख बसायची आणि मावशी रोज त्या झटकत वीजमंडळाला शिव्या घालायच्या. सकाळी निघताना मॉडेलमधला वायरचा एक जोड तुटला, तेव्हा तुम्ही केसातली पिन काढून दिलीत. त्या पिनेवर टाकी भरल्याची आमची घंटा वाजली. यशोधन अजून सांगतो, त्याच्या आयुष्यातलं पहिलं इंजिनियरिंग म्हणजे ती पिन. आता तो जर्मनीत आहे आणि मी अंबडच्या कंपनीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांच्या मेलना उत्तरं देते. बनवत काहीच नाही, बाई. कितीतरी दिवसांत सोल्डरचा वास घेतलेला नाही.

नंबर आला नव्हता आपला. सीबीएस स्टँडवर मिसळ खाताना मी रडत होते. तुम्ही माझ्या पुढ्यात आणखी एक पाव सरकवलात आणि म्हणालात, घरी गेल्यावर उघडून बघू कुठे अडलं ते. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही तुम्ही खोली उघडलीत. मी इंजिनियर झाले ती त्या रविवारी.

२१ तारखेला मी तिथे असेन, नक्की. पण तुमच्याशेजारी येऊन बसता येणार नाही. का, ते आता विचारू नका, नंतर मीच लिहीन.

तुमची,
मेहविश


देवळा,
२ सप्टेंबर २०२४

चि. मेहविश,

"तिथे असेन पण शेजारी बसता येणार नाही." हे वाक्य मी परत परत वाचलं. म्हटलं, झालं, पोरगी मोठी झाली. आता कंपनीचे साहेब असतील बरोबर, आणि त्यांच्यासमोर भाकरीचा डबा घेतलेली देवळ्याची बाई ओळखीची दाखवायची कशी. बरं, नको बसूस. मी आपली मुलांबरोबर बसेन.

हे लिहिलं आणि खोडणार होते. पण खोडत नाही. वाईट वाटलं ते वाटलं.

आता बातम्या ऐक. घंटा वाजायला लागली. पूजाच्या घरच्या चाळीत रोज सगळी वरात जमते. पूजाची आजी चिमणाबाई, तिचं नाक अख्ख्या गल्लीत नावाजलेलं. दूध लागलं, कुठे उंदीर मेला, सगळं तिला आधी कळतं. म्हणून पोरांनी यंत्राचं नावच ठेवलं 'चिमणाबाई'. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात रंगवलंसुद्धा. तेव्हापासून म्हातारीचे पाय जमिनीवर नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगते, माझं नाव नाशिकला चाललंय. गुडघ्यांमुळे स्वतः येऊ शकत नाही, पण तिकडचे लोक काय म्हणाले ते शब्दनशब्द सांगायचं असं पूजाला बजावून ठेवलंय.

प्रयोग असा दाखवायचा ठरलाय. दोन क्रेट न्यायचे, दोन्ही गोणपाटाने झाकलेले. एकात चांगला कांदा, एकात सडका. पाइप आधी चांगल्यात घालायचा, घंटा गप्प. मग सडक्यात, की वाजलीच. सडका कांदा मुद्दाम वेगळा काढून पिकवत ठेवलाय. रिदाच्या अम्मीने तो क्रेट दारातसुद्धा ठेवू दिला नाही, म्हणून तोही पूजाकडेच आहे. निघायच्या दिवशी पहाटे तिथूनच उचलायचा.

जमेल असं वाटतंय गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटतंय.

तुझी,
लतिकाबाई


नाशिक,
२४ सप्टेंबर २०२४

ती. बाई,

तुम्ही मला बघितलंत. तिसऱ्या रांगेतून, मी परीक्षकांच्या टेबलाशी येऊन बसले तेव्हाच. तुम्ही पदर सारखा केलात आणि समोर बघत राहिलात. ओळख दाखवली नाहीत. शेजारी का बसता येणार नाही, ते तुम्हाला तेव्हा कळलं असेल. जुलैतच मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं होतं. मी त्यांना सांगितलं की देवळ्याच्या शाळेची मी विद्यार्थिनी आहे. ते म्हणाले, इथे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेचा आहे, या तुम्ही. तुम्हाला मात्र कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही संघच मागे घेतला असता, ओळखते मी तुम्हाला.

आता जे झालं ते. पूजाने पहिल्या क्रेटमध्ये पाइप घातला, घंटा गप्प. फार छान बोलली पोरगी. मग दुसऱ्यात घातला. आपण सगळे थांबलो. घंटा गप्पच. पूजाचा चेहरा उतरला. रिदा वायरी तपासायला लागली, संघर्षने बॅटरी बदलली. आणि टेबलापर्यंत वास आला, बाई. खणखणीत, कोरड्या, चांगल्या कांद्याचा वास. दोन्ही क्रेटमधून. यंत्र बिघडलंच नव्हतं. ते अगदी बरोबर गप्प बसलं होतं.

पोरांच्या ते लक्षात आलं नाही. घाबरलेली होती, आणि कांद्यातच वाढलेल्या नाकाला कांदा वेगळा कुठे जाणवतो. शेजारच्या ढुंढिराज सरांनी मला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी एवढंच विचारायला हवं होतं, की गोणपाट काढता का जरा. नियमात मनाई नव्हती. पण सकाळी मनमाडच्या शाळेचं यंत्र अडकलं होतं. तिथेही मला चूक दिसली होती आणि मी गप्प बसले होते. ती मुलंही रडत खाली उतरली. मग आपल्याच शाळेच्या मुलांना कसं विचारू? मी मान हलवली, वेळ संपली, आणि जे दिसलं त्याचे गुण दिले.

आपण चौथे आलो. मी विचारलं असतं तर चौथे आलो नसतो.

तुमची,
मेहविश


नाशिक,
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाई,

तुमचं पत्र नाही. दोनदा फोन केला, उचलला नाहीत. मी समजू शकते. माझ्यामुळे खोली गेली असं तुम्हाला वाटत असेल तर तसं लिहा, मला ते ऐकून घ्यायचंय. पण गप्प बसू नका. तुमचं ओरडणं मला नेहमी सोसलंय, तुमचा अबोला कधी बघितलेला नाही.

काल माळ्यावरून माझी जुनी सोल्डरिंग गन काढली. काही कारण नव्हतं. पहिल्याच मिनिटाला बोट भाजलं. हुजैफा हसला आणि मग मी का रडतेय ते त्याला कळेना.

मेहविश


देवळा,
३ नोव्हेंबर २०२४

चि. मेहविश,

दिवाळीचे आशीर्वाद. बोट कसं आहे? बर्फ लावत बसू नकोस, साध्या पाण्याखाली धरायचं असतं, हे नववीत शिकवलं होतं.

आधी कांद्याचं सांगते. त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तर चिमणाबाई ओट्यावर वाटच बघत बसलेली. पूजा गाडीतून उतरते न उतरते तोच तिने विचारलं, "मन्हा कांदा आवडनात ना त्यास्ले?" मी म्हटलं, कुठला कांदा? मग तीच सांगायला लागली. पहाटे क्रेट बघायला गेली तर एकात ही घाण भरलेली. पोरांना अक्कल नाही, यंत्रावर माझं नाव, आणि ते मोठ्या लोकांसमोर सडक्या कांद्यावर ठेवणार? आपल्या घरून कुणाला साधी भाजी द्यायची तरी किडकी काढून देतो आपण. म्हणून तिने तो क्रेट उकिरड्यावर ओतला, स्वच्छ धुतला आणि चाळीतला एक एक कांदा निवडून भरला. गोणपाटही नवं घातलं. क्रेट गाडीच्या टपावर होते, म्हणून वाटेतही कुणाला काही कळलं नाही. सगळं हौसेने सांगत होती गं.

रिदाच्या डोळ्यात पाणी आलं. संघर्ष तोंड फिरवून बुटाची नाडी बांधायला लागला. मी काहीतरी बोलणार होते, पण पूजाच आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "हो आजी. परीक्षक म्हणाले असा कांदा बघितला नाही. एका सरांनी दोन घरी नेले." ते दोन कांदे नेल्याचं खरं आहे बरं का. तुझ्या शेजारी बसलेले ते ढुंढिराज सरच होते. म्हातारी इतकी खूश झाली की तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खरं तिला अजून कुणीच सांगितलेलं नाही, आणि कुणी सांगणारही नाही. तिघांचं तसं ठरलंय. मेहविश, मला या पोरांचा इतका अभिमान कुठल्या बक्षिसाने वाटला नसता.

आता तुझं. खोटं कशाला बोलू. तू टेबलाशी बसलेली दिसलीस आणि कांद्याचा वास मलाही आला. मी मनात म्हणत होते, विचार गं, एकदा विचार. तू विचारलं नाहीस. घाट उतरेपर्यंत मी तुझ्यावर चिडलेली होते. मग मनमाडची पोरं आठवली. तेव्हाही तू मान खाली घालून बसली होतीस, मी बघत होते. त्यांच्या बाई माझ्या पुढेच बसल्या होत्या. तू आमच्यासाठी तोंड उघडलं असतंस तर त्यांच्याकडे मी कुठल्या तोंडाने बघितलं असतं?

पत्र लिहिलं नाही ते रागाने नाही. गेला महिनाभर मी खोली आवरत होते. हेडसरांनी बाकं आणायचा दिवस ठरवलाय, सुट्टी संपली की पहिल्याच आठवड्यात. मी तारा गुंडाळते, स्क्रू डब्यांत भरते, आणि मध्येच बसून रडते. अशात तुला काय लिहिणार होते.

तुझी,
लतिकाबाई


नाशिक,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाई,

पत्र वाचून आधी खूप हसले, मग खूप रडले. हुजैफाला चिमणाबाईंची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, माझ्या दादीनेही अगदी हेच केलं असतं.

आता मी काय ठरवलंय ते ऐका, आणि मध्ये बोलू नका. महिन्यातले दोन शनिवार मला सुट्टी असते. त्या दोन शनिवारी मी देवळ्याला येणार. सकाळची एसटी धरली तर दहापर्यंत पोचते. खोली मी बघीन. तुमच्या हेडसरांना आजच फोन केला. ते म्हणाले, शिक्षक नाही तर चार्ज कसा देऊ? मी म्हटलं, चार्ज नको, फक्त किल्ली द्या आणि बाकं व्हरांड्यात ठेवा. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, शाळेचं वर्ष संपेपर्यंत बघू, तेवढ्यात तुम्ही कंटाळाल. मी म्हटलं, बघू.

हे तुमच्यावर उपकार म्हणून करतेय असं समजू नका. मला यायचंय. मला पुन्हा काहीतरी हाताने करायचंय आणि दुसऱ्याच्या हातून होताना बघायचंय. वीस टेबलं असलेल्या ऑफिसात बसून माझा जीव उबगलाय. पोरांना सांगा, पुढच्या वर्षी परत त्याच स्पर्धेला जायचंय. परीक्षकांच्या टेबलाशी मी नसेन, तसं मी आयोजकांना कळवून टाकलंय.

पहिला शनिवार ७ डिसेंबर. नाही म्हणू नका, बाई. मी तिकीट काढलंय.

तुमची,
मेहविश


देवळा,
८ डिसेंबर २०२४

चि. मेहविश,

काल न सांगता निघून आले म्हणून तू संध्याकाळी चार वेळा फोन केलास. उचलला नाही. तब्येतीचं काही नाही, काळजी करू नकोस. कारण लिहिते.

तू आत होतीस आणि मी बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मुद्दामच आत आले नाही. मी आत असले की पोरं प्रत्येक गोष्टीला माझ्या तोंडाकडे बघतात, आणि तुझी त्यांची ओळख व्हायला हवी होती. इतकी पोरं येतील असं वाटलं नव्हतं. सातवीतल्या दोघी तर चपला हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या, आत जायला मिळेल की नाही म्हणून. तू त्यांना हात धरून आत नेलंस. खिडकीतून तुझा आवाज येत होता. आधी हळू बोलत होतीस, कंपनीत बोलतेस तशी. मग संघर्षने उलटी बॅटरी लावली तेव्हा तू त्याला जे काही बोललीस, ते ऐकून माझ्या शेजारी उभे असलेले हेडसर माझ्याकडेच बघायला लागले.

मग सोल्डरचा धूर खिडकीतून बाहेर आला. आणि आतून पूजाची हाक आली, "बाई, हे बघा ना, जळालं!"

मी उठले. अगदी दारापर्यंत गेले. इतकी वर्षं ती हाक आली की माझे पाय आपोआप निघतात. आणि आतून तू म्हणालीस, "आले. हात लावू नका कुणी."

पूजाने तुलाच हाक मारली होती. तिने दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तिथेच उभी राहिले. कुणाला दिसले नाही. तुम्ही सगळे टेबलावर वाकला होतात. फार बरं वाटलं, मेहविश, आणि तितकंच वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम डोळ्यातून यायला लागलं. पोरांसमोर रडलेलं चाललं नसतं. म्हणून चपला घातल्या आणि घरी आले.

पुढच्या खेपेला दुपारी जेवायला घरी ये. भाकरी गरम करते.

तुझी,
लतिका